फी जाहीर होते, तशी कमाईही जाहीर व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नीटचा निकाल लागला की आपल्या वर्तमानपत्राची पानं कॉलेजांच्या जाहिरातींनी भरून जातात. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), बीएएमएस, बीडीएस, बीएस्सी नर्सिंग, बी. फार्म. इमारतीचा फोटो असतो, संलग्न रुग्णालयाच्या खाटा किती ते असतं, शंभर टक्के प्लेसमेंटचा दावा असतो. पण तिथून पास होऊन बाहेर पडलेल्या मुलाला पहिल्या वर्षी महिन्याकाठी किती रुपये हातात पडतात, हे मी आजवर एकाही जाहिरातीत वाचलेलं नाही. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं नागपुरातल्या एका शाखेत शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. मेडिकल चौक जवळच, त्यामुळे आमच्याकडे आरोग्य विज्ञानाच्या फाइली इतरांपेक्षा जास्त यायच्या. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी काही गोष्टी पालकांसमोर आणि सरकारसमोर मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

फिजिओथेरपीचं उदाहरण घेते, कारण सर्वांत जास्त घालमेल मी याच फाइलींत पाहिली. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्हींची पदवी आहे, फी माफक आहे, पण जागा मोजक्या. उरलेली सगळी मुलं खासगी कॉलेजांकडे जातात. समजा फी, होस्टेल आणि मेस मिळून वर्षाला दीड लाख लागले. चार वर्षांचे सहा लाख. व्याजाचा दर साडेदहा टक्के धरू; तो वरखाली होत राहतो, पण हिशेबापुरता ठीक आहे. कोर्स इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा धरू, त्यावर एक वर्षाची सवलत, म्हणजे हप्ता सुरू होतो साडेपाच वर्षांनी. पालकांना वाटतं की हप्ता थांबला तसं व्याजही थांबलं. ते पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर साडेपाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखावर साडेचार वर्षांचं, असं सरळ व्याज धरलं तरी ते २ लाख ५२ हजार होतं. हप्ता सुरू होतो त्या दिवशी खात्यावर सहा लाख नसतात, ८ लाख ५२ हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेअकरा हजार. पंधरा वर्षं घेतली तर ९,४०० च्या आसपास, आणि सहा लाखांच्या कर्जापोटी बँकेत जमा होतात जवळपास १७ लाख.

आता पगार. माझ्या टेबलावर पहिल्या नोकरीची जी नियुक्तिपत्रं यायची, त्यांवर बहुतेक वेळा १२ ते १८ हजारांच्या मधला आकडा असायचा. धंतोली, रामदासपेठेत दवाखान्यांची रांग आहे, काम मिळत नाही असं नाही. काम मिळतं, पैसा मिळत नाही. घरी जाऊन व्यायाम देणाऱ्या मुलांना एका व्हिजिटचे तीनशे-चारशे मिळायचे आणि पेट्रोल स्वतःचं. सकाळी मनीषनगर, दुपारी जरीपटका, संध्याकाळी परत नंदनवन. मे महिन्यातल्या नागपुरात हे काय असतं, ते वाचकांना सांगायला नको.

काटोलकडचा एक संत्रा बागायतदार मुलीच्या कर्जाचा सहकर्जदार होता. मुलगी पास झाली, इंटर्नशिप झाली, कौन्सिलची नोंदणी झाली, नोकरीही लागली. सवलतीचं वर्ष संपल्यावर हप्ते सुरू झाले आणि काही महिन्यांनी तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, ‘‘मॅडम, पोरगी सकाळी आठला निघते, रातच्याला नऊला येते. मंग हप्ता मीच काहून भरून राह्यलो?’’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, ते मी कागदावर लिहून दाखवलं. मुलीच्या हातात पंधरा हजार. त्यातून रेशीमबागेतल्या खोलीचं भाडं, डबा, पेट्रोल. उरलेल्यातून साडेअकरा हजार निघणं शक्यच नव्हतं. मुलगी आळशी नव्हती, उधळी नव्हती. तिच्या कामाला या शहरात जी किंमत होती आणि त्या शिक्षणाला जी किंमत मोजली होती, त्यांचा मेळ बसत नव्हता. आणि हा मेळ बसत नाही, हे प्रवेशाच्या दिवशीही सांगता आलं असतं.

त्या मुलीचं पुढं चांगलं झालं, हेही सांगितलं पाहिजे. आज तिची गावाकडे स्वतःची ओपीडी आहे. अर्धांगवायूचे, गुडघा बदललेले, अपघातात हाडं मोडलेले रुग्ण आजूबाजूच्या खेड्यांतून तिच्याकडे येतात, आणि आधी त्यांना त्यासाठी नागपूर गाठावं लागत होतं. फिजिओथेरपिस्टची कमाई अनुभवाने वाढते, हे खरंच आहे. पण बँकेचा हप्ता अनुभवाची वाट पाहत नाही. अडचण पहिल्या तीन-चार वर्षांची असते आणि त्याच वर्षांत खातं थकतं. खातं थकलं की मुलीबरोबर बापाचाही सिबिल स्कोअर खाली येतो. मग त्याला ट्रॅक्टरचं कर्ज मिळत नाही, धाकट्या भावाच्या शिक्षणाची फाइल अडते. ‘सहकर्जदार’ या रकान्यात सही करताना यातलं काहीच बापाच्या डोळ्यांसमोर नसतं.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं, आणि तिथं नागपूरची आपली वेगळीच अडचण सुरू होते. अर्ध्या शहराचे प्लॉट ले-आउटमधले, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, हातात नसलेले. घर स्वतःचं आहे, तीस वर्षं राहतात, टॅक्स भरतात, पण बँक ते गहाण धरत नाही. मग पालक साडेसात लाख बँकेतून घेतात आणि वरचे दोन-तीन लाख सोनं मोडून, पतसंस्थेतून किंवा खासगी सावकाराकडून. ही रक्कम कुठल्याच कागदावर दिसत नाही. कोणी कितीही हिशेब करो, आरोग्य शिक्षणाच्या कर्जाचा खरा आकडा बँकेच्या आकड्यापेक्षा मोठाच असतो, असं माझं अनुभवावरून ठाम मत झालं आहे.

नर्सिंगचं चित्र आणखी विचार करायला लावणारं आहे. एकच पदवी, बीएस्सी नर्सिंग. मिहानमधल्या आपल्या एम्ससारख्या ठिकाणी नर्सिंग ऑफिसर म्हणून लागलेल्या मुलीचं मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. तिची वर्गमैत्रीण शहरातल्या एखाद्या छोट्या खासगी रुग्णालयात रात्रपाळ्या करून त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही घरी नेत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. खासगी रुग्णालय ५० खाटांपेक्षा लहान असलं तरी परिचारिकेला किमान २० हजार द्यावेत, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी त्या समितीची शिफारस होती. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण माझ्याकडे आलेल्या मुलींच्या पगारपत्रकांवर २० हजारांचा आकडा मी क्वचितच पाहिला. ज्या मुली हप्ते भरू शकल्या, त्यातल्या बहुतेक सरकारी भरतीत निवडल्या गेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या. ही गोष्ट बारावीतल्या मुलीला प्रवेशाआधी कळली, तर ती पहिल्या वर्षापासून एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठीच्या नॉरसेट परीक्षेची तयारी तरी सुरू करेल.

म्हणूनच ‘सरासरी पॅकेज’ या आकड्यावर माझा विश्वास नाही. दहा मुलांपैकी नऊ जणांना पंधरा हजार आणि एकाला परदेशात एक लाख वीस हजार मिळत असतील, तर सरासरी निघते साडेपंचवीस हजार. त्या दहांपैकी एकालाही तेवढा पगार नाही. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने मांडून मधोमध जो येतो, तो आकडा मागायला हवा. या उदाहरणात तो पंधरा हजार येतो.

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या मुलीने हेल्थ सायन्सेसच्या पदवीला प्रवेश घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोरकार्ड’ हे संकेतस्थळ तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कॉलेज निवडायचं, विषय निवडायचा, की त्या विषयाच्या पदवीधरांच्या डोक्यावरच्या सरकारी कर्जाचा मधला आकडा आणि पदवीनंतरच्या त्यांच्या कमाईचा मधला आकडा समोर येतो. आणि ही कमाई कॉलेजला विचारून लिहिलेली नसते, कर खात्याच्या नोंदींवरून काढलेली असते. त्यात उणिवा आहेत. ज्यांनी सरकारी मदत घेतली त्यांचीच नोंद येते. शिवाय तिथं हेल्थ सायन्सेसची पदवी अनेकांसाठी नुसती पायरी असते. फिजिओथेरपिस्ट व्हायला पुढं त्या विषयातली डॉक्टरेट करावी लागते, म्हणजे पदवीनंतरचा कमी पगार पाहून घाबरायचं की पुढच्या शिक्षणाचं आणखी कर्ज पाहून, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडेही तेच आहे. शिकवायची नोकरी हवी तर एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी लागते, ती आणखी दोन वर्षांची. तरी त्या मायलेकींनी अर्ध्या तासात तीन कॉलेजांची तुलना केली आणि एक यादीतून काढून टाकलं. काटोलच्या त्या बापाला हा अर्धा तास कोणी दिला नाही.

आणि आपल्याकडे हे अशक्य आहे असं मुळीच नाही. राज्यातल्या बहुतेक आरोग्य अभ्यासक्रमांच्या परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, त्याचं विभागीय केंद्र नागपुरात आहे. कोण कधी पास झालं, याची पक्की यादी तिथं आहे. कोण व्यवसाय करतं आहे, हे त्या त्या कौन्सिलच्या नोंदणीवरून कळतं. खासगी कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेलं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजवार जाहीर करतं. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या पगाराचा मधला आकडा आजही द्यावा लागतो; पण तिथं फिजिओथेरपीचा वेगळा गट नाही, आणि लहान कॉलेजं तर त्या क्रमवारीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. राहता राहिल्या बँका. कोणत्या कोर्सची, कोणत्या कॉलेजची कर्जखाती थकतात, हे शाखेतल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. फाइल हातात आली की आम्ही कॉलेजचं नाव आधी पाहायचो. जे कर्ज देणाऱ्याला माहीत आहे, ते कर्ज घेणाऱ्यापासून दडलेलं राहावं, हे मला नोकरीत असतानाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्राधिकरणाने फी मंजूर करताना त्या कॉलेजकडून मागच्या काही बॅचच्या मुलांच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या कमाईचा मधला आकडा पुराव्यासह मागावा. तो आकडा सीईटी कक्षाच्या पसंतीक्रम भरण्याच्या पानावर, कॉलेजच्या नावासमोर, फीच्या शेजारी छापावा. ज्या कॉलेजने माहिती दिली नाही, त्याच्यासमोर ‘माहिती दिली नाही’ एवढं लिहिलं तरी पालकांना पुष्कळ कळेल. बँकांनी कोर्सनिहाय थकबाकीचं प्रमाण जाहीर करावं. त्यात कोणाचं नाव येत नाही, कोणाची गुप्तता मोडत नाही.

हे होईपर्यंत पालकांनी काय करायचं? मी घरी विचारायला येणाऱ्यांना एक जुना बँकेचा हिशेब सांगते. पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा हप्ता मोठा नको. साडेअकरा हजारांच्या हप्त्याला त्या मानाने ४६ हजारांचा पगार हवा. उलट बाजूने, पगार १८ हजार मिळेल असं दिसत असेल तर हप्ता साडेचार हजार, आणि वर धरलेल्या दराने व मुदतीने तेवढ्या हप्त्यात बसणारं मूळ कर्ज सुमारे २ लाख ३५ हजार. सहा लाखांची फाइल करण्याआधी हा फरक पाहावा. कॉलेजला भेट द्यायला गेलात तर लॅब पाहण्यात सगळा वेळ घालवू नका, मागच्या दोन बॅचच्या चार-पाच मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला. हातात काय पडतं, हे ती मुलं अगदी मोकळेपणाने सांगतात.

ज्यांना शक्य आहे त्यांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला १,३०० रुपयांच्या आसपास येतं, चौथ्या वर्षापासून सव्वापाच हजारांवर जातं. हे भरत राहिलं तर पुढचा हप्ता साडेअकरा हजारांऐवजी ८,१०० च्या आत बसतो आणि एकूण दीड लाखाहून जास्त वाचतात. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही एक टक्का सूट देतात, मुलींना अर्धा टक्का वेगळा. काही बँका सुरुवातीला लहान आणि पुढं वाढत जाणारा हप्ताही देतात. फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या कमाईला तो सर्वांत योग्य, पण तो मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही.

आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांनी अजिबात सोडू नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. संस्थास्तरावर, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ते लागू नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. घराजवळचं कॉलेज हवं म्हणून फेरीतली जागा सोडून कोट्यातली घेणारे पालक मी पाहिले आहेत, एका सहीने त्यांनी लाखांची माफी गमावली. केंद्राची व्याज अनुदान योजना साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सवलतीच्या काळातलं सगळं व्याज देते, पण संस्थेला नॅक किंवा एनबीएची मान्यता लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जाच्या संस्थांपुरतीच आहे. ‘तुमचं कॉलेज यातल्या कोणत्या योजनेत बसतं?’ हा प्रश्न प्रवेश खिडकीवरच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

संपादक महोदय, सरकार हे आकडे देईल तेव्हा देईल. आपलं वर्तमानपत्र मात्र यंदाच सुरुवात करू शकतं. गेल्या पाच वर्षांत नागपूर आणि विदर्भातून बीपीटीएच, बीएएमएस, बीडीएस आणि नर्सिंग झालेल्या मुला-मुलींना आवाहन करा. नाव गुप्त ठेवून त्यांनी कोर्स, पास झाल्याचं वर्ष, एकूण कर्ज, महिन्याचा हप्ता आणि हातात पडणारा पगार एवढंच कळवावं. आलेल्या माहितीची तपासणी करून तक्ते तयार करण्याचं काम मी विनामूल्य करायला तयार आहे. माझ्यासारखे बँकेतून निवृत्त झालेले आणखी काही सहकारीही हाताशी आहेत. केंद्रीय प्रवेशाच्या पहिल्या फेरीआधी एक पान छापता आलं, तर पसंतीक्रम भरणाऱ्या मुलांना ते त्याच आठवड्यात उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी,
हनुमाननगर, नागपूर